लहान केलेले युद्ध

दिवाळी जवळ आली की पुणे, सातारा, कोल्हापूर या बाजूच्या वाड्यांतून आणि चाळींतून मुले मातीचे किल्ले बांधू लागतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. विटा व दगड रचावे, चिखलात भिजविलेले गोणपाट त्यांवर पसरून डोंगराचे कडे काढावे, गेरूने बुरूज रंगवावे, उतारावर अळीव पेरून चार-सहा दिवसांत हिरवळ आणावी, आणि सर्वांत उंच जागी छत्रपतींस सिंहासनावर बसवून पायऱ्यापायऱ्यांवर बाजारातून आणलेले मातीचे मावळे उभे करावे, असा त्याचा परिपाठ. आमच्या मराठवाड्यात ही चाल तितकी सार्वत्रिक नाही. तथापि लातूर-नांदेडकडेही असे किल्ले आता दृष्टीस पडतात.

या बालक्रीडेचे एक प्रौढ भावंड आहे. त्यास डायोरामा असे म्हणतात. लाकडी फळीवर रणभूमीचा एखादा तुकडा प्रमाणात बांधावयाचा, त्यावर शिपाई, घोडे, तोफा, उखळलेली जमीन, मोडलेला गाडा असे सर्व मांडावयाचे, आणि पाहणारास तो क्षण जसाच्या तसा दिसावा अशी योजना करावयाची. आकृत्यांचे प्रमाण ठरलेले असते. १:३५ या प्रमाणात पावणेसहा फूट उंचीचा माणूस ५ सेंटिमीटरांचा होतो. १:७२ या प्रमाणात तो जेमतेम अडीच सेंटिमीटर उरतो. आधी आकृतीला एकरंगी अस्तर द्यावयाचे, मग कातडीचा, कापडाचा, लोखंडाचा रंग भरावयाचा, नंतर अंगरख्याच्या चुण्यांत पातळ काळसर रंग उतरू द्यावयाचा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडांवर उजेड चढवावयाचा. डोळा म्हणजे एक ठिपका. तो ठिपका किंचित सरकला तरी शूर माणूस भेदरलेला दिसू लागतो. एकेका आकृतीवर दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. ज्याला हे साधते त्याच्या हातास शिस्त असते, डोळ्यास सवय असते आणि इतिहासाची थोडीबहुत गोडीही असते. अशा छंदाची प्रशंसा करणे सोपे आहे, व ती पुष्कळांनी केली आहे. मला येथे त्यासंबंधी एक अडचणीचा प्रश्न विचारावयाचा आहे. ज्या ठिकाणी माणसे तडफडून मेली, ते ठिकाण आपल्या आनंदासाठी लहान करून मेजावर मांडणे योग्य आहे काय?

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. मुलांच्या किल्ल्यास हा प्रश्न लागू पडत नाही. त्या किल्ल्यावर कोणी मरत नाही. तेथे पहारेकरी दरवाज्याहून उंच असतो, वाघ बुरुजाएवढा असतो, आणि पायथ्याशी जे गाव वसलेले असते त्यात विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, बैलजोडी घेऊन निघालेला शेतकरी, आणि क्वचित एखादी मोटारही असते. मुलाला युद्ध मांडावयाचे नसतेच. त्याला एक सुरक्षित, नांदते जग बांधावयाचे असते, आणि मावळे त्या जगाचे राखणदार म्हणून उभे असतात. दिवाळी सरल्यावर कित्येक मुले त्याच किल्ल्याखाली फटाके लावून तो उडवून देतात, हे खरे. परंतु तेथेही उडते ती माती. प्रमाण चुकलेले असणे हेच त्या खेळाचे निर्दोषत्व आहे. आपण खरे काही सांगत आहो असा मुलाचा दावाच नसतो.

प्रौढाचा दावा तसा असतो. पागोट्याचा घाट त्या काळचा हवा, तोफेच्या चाकाला आरे किती हे मोजलेले हवे, जमिनीचा रंग तेथल्या मातीचा हवा, असा त्याचा आग्रह. आणि माझ्या मते नैतिक प्रश्न नेमका या आग्रहातून जन्मास येतो. जो म्हणतो की मी खरे मांडतो, त्याला खऱ्याचा कोणता भाग मांडलास आणि कोणता गाळलास, हे विचारण्याचा अधिकार पाहणारास पोचतो.

असा प्रश्न एकदा मोठ्या प्रमाणावर विचारला गेला होता. १८३० साली इंग्लंडातील विल्यम साइबर्न नामक एका लष्करी अधिकाऱ्याकडे वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करण्याचे काम आले. त्याने त्या भूमीवर सुमारे आठ महिने राहून चढउतार मोजले, आणि लढाईतून जिवंत राहिलेल्या अधिकाऱ्यांस शेकडो पत्रे पाठवून, १८ जून १८१५ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास आपली तुकडी कोठे होती, समोर काय दिसत होते, शेतात पीक कोणते होते, असे बारीकसारीक प्रश्न विचारले. मध्येच सरकारी पैसा बंद झाला. त्याने पदरचा खर्च केला. १८३८ मध्ये ती प्रतिकृती लंडनमध्ये लोकांस दाखविण्यात आली, आणि आज ती तेथील राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. तीत ७० हजारांहून अधिक धातूच्या आकृत्या आहेत, व प्रत्येक आकृती दोन माणसांबद्दल उभी आहे. परंतु या अजब परिश्रमाचे फळ काय, तर वाद. प्रशियाचे सैन्य त्या घटकेस रणांगणावर किती पुढे आले होते, हे साइबर्नने जसे दाखविले तसे ड्यूक ऑफ वेलिंग्टन यास मानवले नाही. कारण त्यामुळे विजयाचे श्रेय विभागले जात होते. शेवटी साइबर्नने प्रशियाच्या हजारो आकृत्या काढून घेतल्या. तो १८४९ साली वारला, तोवर त्याचा खर्च काही भरून निघाला नव्हता.

या हकीकतीतून लोक सामान्यतः असे तात्पर्य काढतात की थोरांच्या दडपणापुढे सत्याला माघार घ्यावी लागते. ते ठीकच आहे. मला मात्र तीतल्या दुसऱ्या दोन गोष्टी अधिक बोलक्या वाटतात. पहिली ही की साइबर्नने पत्रे पाठविली ती बहुतेक अधिकाऱ्यांस. ज्यांच्या आकृत्या हजारोंनी ओतल्या त्या साध्या शिपायांस जवळजवळ कोणी काही विचारले नाही. दुसरी ही की एका धातूच्या देहात दोन माणसे कोंबण्यात आली आणि याविषयी वाद घालावा असे कोणालाच वाटले नाही. वाद झाला तो श्रेयाच्या वाटणीवरून.

लहान करण्याच्या क्रियेतच हा दोष दडलेला आहे काय, हे पाहिले पाहिजे. वस्तू लहान झाली की आपण तिच्याकडे वरून पाहतो. रणांगण असे वरून ज्याला दिसते तो सेनापती होय. शिपायाला पुढच्या माणसाची पाठ आणि धूळ यापलीकडे काही दिसत नाही. प्रशियाच्या लष्कराने १८२४ च्या सुमारास नकाशावर ठोकळे मांडून लढाई खेळण्याची एक पद्धत अधिकाऱ्यांच्या शिक्षणात आणली, ती उगाच नव्हे. वरून पाहिल्यावाचून हजार माणसे एका टेकडीवर पाठविण्याचा हुकूम देता येत नाही. तेव्हा मेजाशी बसलेला छांदिष्ट, त्याची इच्छा असो वा नसो, सेनापतीच्या आसनावर बसतो, आणि त्या आसनावरून माणसे ही संख्या म्हणून दिसू लागतात.

आता आपल्याकडील एक उदाहरण घेऊ. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर आणि औसा यांच्या मुलखात सदाशिवरावभाऊंनी निजामाचा मोठा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना त्या वेळी मराठ्यांकडे होता. तहात सुमारे ६० लक्षांचा मुलूख पेशव्यांस मिळाला. त्याच सुमारास उत्तरेकडून दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडल्याची बातमी आली, परतूरच्या मुक्कामी मसलत झाली, आणि उदगिरास जिंकलेले हेच भाऊ, हाच गारदी, मार्च १७६० मध्ये उत्तरेस निघाले. पानिपतची वाट आमच्या मराठवाड्यातून निघाली आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. उदगीरच्या लढाईची प्रतिकृती कोणी करीलच, तर तीत भाऊ असतील, गारद्याच्या तोफा असतील, निजामाचे हत्ती असतील. फेब्रुवारीच्या आरंभी या काळ्या जमिनीत जी रब्बीची पिके उभी असतात, ती दोन्ही फौजांच्या घोड्यांखाली जाणे चुकत नव्हते. ज्या शेतकऱ्यांची ती होती, त्यांना मात्र या प्रतिकृतीत जागा मिळेल असे वाटत नाही. निजामाच्या चाकरीत मराठे सरदार व शिलेदार असत; म्हणजे पडलेल्यांत दोन्ही बाजूंना एकच भाषा बोलणारे लोक असले पाहिजेत. तेही रंगाच्या भेदावरून कळणार नाही.

पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांस ज्या सांकेतिक पत्राने कळली ते मराठी माणसाच्या तोंडी बसलेले आहे. सावकारी भाषेत लिहिलेल्या त्या पत्रात दोन थोर पुरुषांस मोती म्हटले, सरदारांस मोहरा म्हटले व त्यांची संख्या सांगितली. आणि बाकीचे जे हजारो, ते रुपये व खुर्दा झाले, ज्यांची गणतीच नाही. पत्र लिहिणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याला घाई होती, गुप्तता हवी होती, आणि खुर्द्याची गणती करणे खरोखरच कोणास शक्य नव्हते. परंतु त्या एका वाक्यात राज्यकर्त्याच्या दृष्टीला माणसे कशी दिसतात, हे जितके स्पष्ट झाले तितके एखाद्या ग्रंथानेही झाले नसते. या खुर्द्यात लढवय्ये होते तसेच बाजारबुणगेही होते: मोतद्दार, पाणके, वाणी, यात्रेकरू, बायका, मुले.

मागे आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने पानिपतच्या रणांगणाचा एक कोपरा प्रमाणात मांडून प्रदर्शनात ठेवला होता. संबंध रणभूमी मांडणे अशक्यच. एक कोस, म्हणजे सव्वातीन किलोमीटरांच्या आतबाहेरची लांबी, १:७२ प्रमाणाने घेतली तरी तिला ४५ मीटर जागा लागेल. म्हणून त्याने तोफेभोवतीचे तीस-चाळीस लोक निवडले होते. काम उत्तम होते. किल्लारीकडची एक म्हातारी बाई, नातवाबरोबर आलेली, त्या फळीसमोर पुष्कळ वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "लेकरा, ही पडल्याली माणसं कुणाची हायत?" तो म्हणाला, "आजी, कुणाची म्हणून नाहीत. लढाईत पडलेले दाखवायला ठेवलीत." त्यावर ती म्हणाली, "मग ह्यांच्या घरला कुणी सांगितलं असंल?"

विद्यार्थ्याजवळ उत्तर नव्हते. इतिहासाजवळही ते फारसे नाही. ज्यांची गणना मोत्यांत झाली त्यांच्या घरीसुद्धा धड बातमी पोचली नव्हती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून जिवंत परतल्या आणि पती गेला हे त्यांनी मानले नाही. पुढे भाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला, व ते प्रकरण १७७६ साली त्याला देहदंड होईपर्यंत चालले. पेशव्यांच्या वाड्यात जर ही अनिश्चिती, तर औशाच्या किंवा परतूरच्या बाजूने सैन्याबरोबर गेलेल्या एखाद्या मोतद्दाराच्या घरी किती वर्षे वाट पाहिली असेल, याचा अंदाज करावा. म्हातारीचा प्रश्न भाबडा नव्हता. किल्लारीच्या माणसाला तो प्रश्न सुचणे साहजिक आहे.

औसा तालुक्यातील या गावाच्या नावात किल्ला ऐकू येतो. परंतु जगाला ते नाव कळले ते वेगळ्या कारणाने. २९ सप्टेंबर १९९३ रोजी गणपतींचे विसर्जन झाले, लोक थकून उशिरा निजले, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. भूकंपशास्त्राच्या मोजमापाने तो धक्का जगातील प्रचंड भूकंपांपैकी नव्हे. परंतु घरांच्या भिंती दोन-दोन हात रुंद, ओबडधोबड दगड मातीत बसवून रचलेल्या, आणि वर माळवदाचा मातीचा भार. ज्या घरांनी उन्हाळ्यात गारवा द्यावा तीच घरे निजलेल्या माणसांवर आली. सरकारी गणनेप्रमाणे सुमारे ८ हजार माणसे गेली. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून नव्याने वसवावी लागली. कित्येकांस एकत्र अग्नी द्यावा लागला.

आता वाचकांनी स्वतःशी विचार करावा. कोणी कुशल छांदिष्टाने ती पहाट १:७२ प्रमाणात मांडावयाचे मनात आणले, तर तंत्राची अडचण काही नाही. दगड, माती, मोडलेली लाकडे, धूळ. रणांगणापेक्षा हे सोपेच. परंतु ती फळी किल्लारीस नेऊन तेथल्या लोकांपुढे मांडावी आणि किती हुबेहूब साधले पाहा म्हणावे, अशी छाती कोणाची होईल? दर ३० सप्टेंबरला तेथे मृतांस श्रद्धांजली वाहिली जाते. ज्यांनी आपल्या हातांनी आपली मुले ढिगाऱ्यातून काढली ती माणसे तेथे उभी असतात. आपला हात आपोआप मागे येतो. मग पानिपतच्या बाबतीत तो का मागे येत नाही?

कोणी म्हणेल की युद्धात पराक्रम असतो, भूकंपात नुसता घात असतो. पराक्रमाची आठवण ठेवणे हे पुण्यच आहे. यात तथ्य आहे. परंतु पानिपतच्या मैदानावर जे पडले त्यांत पराक्रम गाजविण्यास गेलेले किती आणि सैन्यामागे काशी-प्रयागाच्या आशेने निघालेले किती? त्यांचा घात आणि किल्लारीचा घात यांत पराक्रमाने काही भेद पडत नाही. कोणी म्हणेल की अडीचशेहून अधिक वर्षे लोटली. काळाने त्या प्रसंगाची धार बोथट केली. परंतु काळाने काय केले? मरणाऱ्याचे मरण कमी केले नाही. त्याच्यासाठी रडणारे तेवढे नाहीसे केले. म्हणजे आपला संकोच जो सुटला तो प्रसंग निर्दोष झाला म्हणून सुटला नाही. आपल्याकडे पाहणारे कोणी उरले नाही म्हणून सुटला. साक्षीदार नसताना जे करावयास आपण धजतो, ते साक्षीदारापुढे करावयास धजू काय, ही नीतीची फार जुनी कसोटी आहे; आणि ती येथे पुरेपूर लागू पडते.

या कसोटीचा निकाल असा नव्हे की युद्धाची प्रतिकृती करूच नये. तसे म्हटले तर महाभारतही लिहू नये असे म्हणावे लागेल. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ साली शिशाच्या शिपायांनी घरातल्या जमिनीवर लढाई कशी खेळावी याचे 'लिटल वॉर्स' या नावाचे पुस्तकच लिहिले. खेळातले युद्ध खऱ्या युद्धाहून बरे, आणि ते खेळल्याने खरे महायुद्ध ही केवढी घोडचूक होईल हे समजते, असा त्याचा अभिप्राय होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध आले. यावरून वेल्सची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्याच्या म्हणण्यातला मुख्य भाग खरा आहे की, लहान केलेली वस्तू आपण समग्र पाहू शकतो आणि तीतून शिकू शकतो. भूकंपानंतरची नवी गावेही आधी कागदावर लहान करूनच आखली गेली. त्या आखणीत रुंद सरळ रस्ते आले, भक्कम घरे आली. आणि जुन्या गल्ल्या, भावकीच्या ओसऱ्या, अंगणे कागदावर दिसत नसल्यामुळे मागे राहिली, अशी खंत लोकांनी बोलून दाखविली. वरून पाहणे निंद्य नव्हे. पाहून झाल्यावर खाली उतरण्यास विसरणे हा त्यातला धोका.

खाली उतरण्याचा मार्ग कोणता? काही छांदिष्टांस वाटते की रक्त दाखविले म्हणजे युद्धाचे सत्य दाखविले. मला तसे वाटत नाही. सर्व रंगांत तांबडा रंग सर्वांत स्वस्त आहे. त्याने पाहणारा दचकतो, आणि दचकणे संपले की त्याला मजा वाटू लागते. दुसऱ्या काहींस वाटते की गुंड्या, पट्टे, तलवारीच्या मुठी अचूक केल्या म्हणजे कर्तव्य संपले. त्या अचूकपणाविषयी मला आदर आहे, परंतु अंगरख्याची एक-एक चुणी जपणाऱ्याने त्या अंगरख्यातला माणूस कोण, हे मनात आणलेच नाही, तर त्याचे कष्ट शिंप्याचे झाले, इतिहासकाराचे नव्हेत.

आपल्याकडे या बाबतीत एक पुरातन आदर्श आहे, आणि तो गावोगाव वेशीजवळ किंवा देवळाशेजारी उभा आहे. वीरगळ हा लढाईची लहान केलेली मूर्तीच होय. एका उभ्या शिळेवर खालून वर असे तीन-चार कप्पे असतात. खालच्या कप्प्यात लढणारा किंवा पडलेला वीर, पुष्कळदा शेजारी त्याने राखलेली गुरे. वरच्या कप्प्यात त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. बहुतेक वीरगळांवर नावही नसते. ज्याच्यासाठी ती शिळा उभी केली तो बहुधा गावचाच एखादा माणूस, गुरे पळविणाऱ्या टोळीशी झुंजून मेलेला. त्या पाथरवटाला प्रमाणाचे ज्ञान आजच्या छांदिष्टाहून कमी होते, घोडा कुत्र्याएवढा झाला तरी त्याला चालत असे. परंतु त्याने एक गोष्ट अचूक केली. एका माणसाबद्दल एक आकृती, आणि ती त्याच्याच गावात, त्याला ओळखणाऱ्या लोकांच्या डोळ्यांपुढे. तेथे कोणी खुर्दा नाही. व्यासांनीही हेच केले. अठरा दिवसांचे युद्ध वर्णन करून ते थांबले नाहीत. स्त्रीपर्वात त्यांनी रणभूमीवर बायकांना आणले, आणि प्रत्येक प्रेताला कोणाचा तरी पुत्र, कोणाचा तरी पती करून टाकले. किल्लारीच्या म्हातारीने विचारलेला प्रश्न हे त्या मांडणीतले उणे राहिलेले स्त्रीपर्वच होते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. युद्ध लहान करून मांडणे हा अपराध नव्हे. लहान करताना माणसांचा खुर्दा होऊ देणे हा अपराध आहे. आणि विशेष हे की, या छंदाच्या अंगी त्यावरचा उतारा आपोआप आहे. खुर्दा मोजण्यास राज्यकर्त्यांस वेळ नव्हता. छांदिष्टापाशी तो आहे. सेनापतीने ज्या तीस माणसांस एका हुकुमासरशी तोफेपुढे पाठविले, त्या तीसांतील प्रत्येकाला हा मनुष्य तीन-तीन संध्याकाळी हातात धरून बसतो, त्याच्या चेहऱ्याला रंग देतो, त्याचे डोळे उघडतो. त्या तीन संध्याकाळी केवळ रंगाच्या विचारात न घालविता त्याने माणसाच्या विचारात घालविल्या, तर जे इतिहासाकडून राहून गेले त्यातले अल्पस्वल्प तरी त्याच्या हातून होण्यासारखे आहे.

ज्या घरात मुलगा असले खोके विकत आणतो, किंवा वाढत्या वयाची मुलगी दिवाळीच्या किल्ल्यावरून पुढे जाऊन खरी लढाई मांडू पाहते, त्या घरातील वडील माणसांनी म्हणून हा छंद मोडू नये, आणि नुसते कौतुकही करून सोडून देऊ नये. फळी पुरी झाल्यावर एका आकृतीकडे बोट दाखवून विचारावे की, हा कोठला, याच्या गावी कोण आहे, आणि हा पडला तर तेथे कोण व केव्हा सांगेल. मुलाला उत्तर सुचणार नाही. बखरी आणि कागदपत्रे चाळूनही बहुधा सापडणार नाही. न सापडो. जो ते शोधू लागेल त्याच्या पुढच्या फळीवर तोफेशेजारी एखादा पाणक्या येईल, तुडविलेले जोंधळ्याचे शेत येईल, आणि दूर कडेला, लढाईच्या बाहेर, वाटेकडे पाहत उभे असलेले एखादे माणूस येईल. ती फळी मात्र किल्लारीस खुशाल न्यावी.